‘ओपन सोर्स’ म्हणावे कशाला? एका व्याख्येचा इतिहास

२२ जानेवारी १९९८ रोजी नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड जगाला खुला करण्याची घोषणा केली. मायक्रोसॉफ्टच्या फुकट ब्राउझरपुढे तिचा टिकाव लागत नव्हता. या औदार्यात अगतिकतेचा वाटा मोठा होता.

कोड खुला असावा हा आग्रह मात्र जुना. रिचर्ड स्टॉलमन १९८३ पासून ‘फ्री सॉफ्टवेअर’ची चळवळ चालवीत होते. अडचण शब्दाची होती. इंग्रजीतील ‘फ्री’चा अर्थ फुकटही होतो आणि मुक्तही. (मराठीत हे दोन शब्द वेगळे असल्याने हा घोळ मुळातच उद्भवला नसता!) व्यापारी मंडळी ‘फुकट’ ऐकताच पाठ फिरवीत.

फेब्रुवारी १९९८च्या आरंभी कॅलिफोर्नियातील एका बैठकीत नवा शब्द आला: ‘ओपन सोर्स’. तो सुचला होता क्रिस्टीन पीटरसन यांना. त्या प्रोग्रॅमर नव्हत्या, नॅनोतंत्रज्ञानाच्या प्रसाराचे काम करीत. बैठकीत त्यांनी शब्दाचा आग्रह धरला नाही. त्यांच्या एका परिचिताने तो बोलता बोलता सहज वापरला आणि इतरांच्या तोंडी बसला.

नुसत्या शब्दाने भागणार नव्हते. ब्रूस पेरेन्स यांनी डेबियन प्रकल्पासाठी १९९७ साली लिहिलेली नियमावली हाताशी होती. तिच्यातील डेबियनचे उल्लेख गाळून ‘ओपन सोर्स’ची व्याख्या सिद्ध झाली. कोड नुसता वाचता येणे हिला पुरेसे नाही. तो बदलता आला पाहिजे, बदललेली प्रत वाटता आली पाहिजे, विकताही आली पाहिजे.

तिचे सर्वांत कठोर कलम वेगळेच आहे: कोणत्याही व्यक्तीला वा कोणत्याही कामाला वापर नाकारता येत नाही. ‘जेसॉन’च्या परवान्यात सॉफ्टवेअर सत्कार्यासाठी वापरावे, दुष्कृत्यासाठी नव्हे, अशी अट होती. हेतू निर्मळ, तरीही डेबियनने तो परवाना मुक्त मानला नाही. सत्कार्य कोणते, हे ठरवायचे कोणी?

मात्र ही व्याख्या पाळायला लावणारा कायदा नव्हता. १९९९ साली ‘ओपन सोर्स’ हा ट्रेडमार्क करण्याचा प्रयत्न फसला. शब्द फारच वर्णनात्मक ठरला. त्यामुळे उरला तो केवळ समुदायाचा निर्णय.

त्या निर्णयाची कसोटी २०१८ साली लागली. मोंगोडीबी कंपनीने नवा परवाना आणला: हा डेटाबेस सेवा म्हणून विकणाऱ्याने ती सेवा चालविणाऱ्या साऱ्या प्रणालीचा कोड खुला करावा. रोख बड्या क्लाउड कंपन्यांकडे होता आणि तक्रार निराधार नव्हती. मात्र मान्यतेसाठी केलेला अर्ज कंपनीला मार्च २०१९ मध्ये मागे घ्यावा लागला.

२०२१ साली इलास्टिक कंपनीही त्याच वाटेने गेली. अ‍ॅमेझॉनने तिचा जुना, खुला कोड घेऊन ‘ओपनसर्च’ उभे केले. परवान्याने तशी मुभा आधीच दिलेली होती. २०२४ साली इलास्टिकने आपल्या परवान्यांत पुन्हा एका मान्यताप्राप्त ओपन सोर्स परवान्याची भर घातली.