शिराझ (नाशिक)
शिराझ : गडद जांभळट-लाल रंगाची, भरदार चवीची वाइन व तिचे द्राक्ष. मूळ फ्रान्समधील ऱ्होन खोऱ्याचे. तेथे त्याला सिरा म्हणतात. महाराष्ट्रात ही वाइन मुख्यतः नाशिक जिल्ह्यात, विशेषतः दिंडोरी परिसरात होते. सुला कंपनीने नाशिकजवळ 1997 मध्ये द्राक्षलागवड केली. तिची ‘दिंडोरी रिझर्व्ह शिराझ’ प्रसिद्ध आहे. 2001 च्या राज्याच्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणाने या धंद्याला बळ मिळाले.

नाशिकमध्ये वेल थंडीने झोपी जात नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटतात : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी. त्यामुळे घड थंडीत पोसतो आणि जानेवारी ते मार्चमध्ये, युरोपच्या उलट ऋतूत, तोडणी होते. दिवसाचे ऊन साखर वाढवते, रात्रीचा गारवा आंबटपणा राखतो. रस सालींसह आंबवल्याने रंग आणि जिभेला ओढून धरणारा तुरटपणा उतरतो; चवीत काळी मिरी व जांभळासारखे फळ जाणवते.

तुरटपणाला चरबीची जोड हवी, म्हणून मटण हा या वाइनचा खरा सोबती. मराठवाड्यात हिंगोली-परभणीकडे भाजलेल्या धान्य-मसाल्यांचे येसर लावून केलेला दाट रस्सा तिला उत्तम शोभतो. मात्र तिखट बेताचे हवे, कारण मिरचीच्या जाळात मद्यार्क अधिकच भाजतो. शाकाहारात भरली वांगी चालतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बाटली थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून 16 ते 18 अंश सेल्सिअसला वाढावी.