वीरगळ ते अशोकचक्र

भीमाकाठच्या आमच्या खेड्यांत मारुतीच्या देवळामागे, पाराच्या कडेला किंवा वेशीबाहेर एखादा तेला-शेंदराने माखलेला उभा दगड हमखास आढळतो. जवळ जाऊन पाहिले तर त्यावर एकावर एक असे तीन-चार कप्पे कोरलेले दिसतात. खालच्या कप्प्यात ढाल-तलवार घेऊन लढणारा माणूस, कधी त्याच्याजवळ गायींची रांग. मधल्या कप्प्यात त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. मराठीत आपण ह्याला वीरगळ म्हणतो, कानडीत वीरगल्लु. ह्यातला 'गळ' म्हणजे कानडी 'कल्लु', अर्थात दगड. शब्द शेजाऱ्याकडून घेतला आणि घेतल्याचे विसरलो, असे आपल्या सीमाभागात पदोपदी झाले आहे.

गावची गुरे वळवून नेणाऱ्यांना आडवा गेलेला, वेस राखताना पडलेला असा हा माणूस. तो राजा नव्हता, सरदारही क्वचितच असेल. कित्येक दगडांवर त्याचे नावसुद्धा नाही. पण त्याने काय केले ते मात्र कोरून ठेवले आहे. 'पोलीस' हा शब्द आपल्याकडे येण्याच्या शेकडो वर्षे आधी राखणदाराचा गौरव कसा करावा ह्याची एक रीत ह्या मुलखाने घालून दिली होती. नाव राहो न राहो, कृत्य राहिले पाहिजे. शहराच्या पोलीस दलातील कर्तबगार माणसांच्या सन्मानाविषयी लिहायचे ठरवले, तेव्हा मला आधी हे दगडच आठवले.

आमचा गुलबर्गा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथे पोलीस खाते म्हणजे कोतवाली, ठाण्याचा अधिकारी तो अमीन आणि जिल्ह्याचा तो मोहतमीम. जुन्या माणसांच्या बोलण्यात 'अमीनसाहेब' कितीतरी वर्षे टिकून होते. 'पोलीस' हा शब्द आमच्याकडे घरोघरी गेला तो सप्टेंबर १९४८ च्या 'पोलीस अ‍ॅक्शन'मुळे. आणि गंमत अशी की त्या कारवाईत उतरले होते लष्कर!

हैदराबाद शहराचा कोतवाल हे त्या काळी मोठे प्रस्थ. १९२० ते १९३४ अशी चौदा वर्षे हे पद वेंकटराम रेड्डी यांनी सांभाळले. निजामाने त्यांना 'राजाबहादूर' हा किताब दिला, इंग्रज सरकारने ओ. बी. ई. दिली. आज हैदराबादेत नारायणगुड्यात त्यांचा पुतळा आहे. एक मुख्याध्यापक म्हणून मला त्यांच्याविषयी आदर वाटतो तो मात्र वेगळ्याच कारणाने. खेड्यापाड्यांतून शिकायला येणाऱ्या मुलांसाठी १९१८ साली हैदराबादेत जे रेड्डी वसतिगृह निघाले, त्याच्या उभारणीत ह्या पोलीस अधिकाऱ्याचा मोठा वाटा होता. किताब देणारी दोन्ही राज्ये गेली. वसतिगृहाचे नाव टिकले. असो. मुद्दा असा की त्या काळचा सन्मान वरच्या माणसाचा असे. रेड्डींच्या हाताखाली रात्रभर गस्त घालणाऱ्या जवानांपैकी एकाचेही नाव आज आपल्याला सांगता येणार नाही.

इंग्रजी मुंबईत तरी काय वेगळे होते? १८५७ च्या धामधुमीत चार्ल्स फॉर्जेट हा तिथला पोलीसप्रमुख होता. हा मनुष्य इथल्या भाषा अस्खलित बोले आणि वेषांतर करून वस्त्यांतून फिरे. शहर शांत राखल्याबद्दल व्यापाऱ्यांनी त्याचा गौरव केला आणि ताडदेवला त्याच्या नावाचा रस्ता झाला. पण त्याच्याच तपासावरून सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया ह्या दोघा शिपायांना १५ ऑक्टोबर १८५७ रोजी मुंबईच्या मैदानात तोफेच्या तोंडी दिले गेले. आज आपण त्या दोघांना हुतात्मे म्हणतो. पोलिसाच्या गौरवाचा इतिहास लिहिताना ही अडचण सतत पुढे येते. गौरव कोण करतो आहे आणि कोणाचे रक्षण केले म्हणून करतो आहे, हे पाहिल्यावाचून पुढे जाता येत नाही.

पदके रीतसर सुरू झाली ती १९०९ साली 'किंग्ज पोलीस मेडल'पासून. १९३२ मध्ये 'इंडियन पोलीस मेडल' आले. ह्या दोन सालांच्या मध्ये आपल्या शेजारच्या सोलापुरात काय घडले ते अफजलपूर-अक्कलकोटकडच्या वाचकांना सांगायला नको. मे १९३० मध्ये शहर पेटले, मार्शल लॉ पुकारला गेला आणि पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे ह्या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले. चौघे हुतात्मे आपल्याला तोंडपाठ आहेत आणि ते योग्यच आहे. पण त्या दंगलीत मारले गेलेले पोलीसही परमुलखातून आलेले नव्हते. परक्या सरकारची वर्दी अंगावर असल्यामुळे त्यांच्या मरणाला ना हुतात्म्याचा मान मिळाला, ना लोकांचे अश्रू. इतिहासाच्या तासाला हा भाग आला की वर्ग एकदम शांत होतो. माझ्या शाळेत पोलीस वसाहतीतली मुले असतात. ती खाली मान घालून बसतात.

स्वातंत्र्यानंतर हा पेच सुटला, निदान कागदावर तरी. १९५१ साली राष्ट्रपतींचे पोलीस पदक सुरू झाले. २ जानेवारी १९६१ रोजी पंडित नेहरूंनी महाराष्ट्र पोलिसांना ध्वज दिला. १९५९ साली २१ ऑक्टोबरला लडाखच्या हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी गोळीबारात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे दहा जवान पडले आणि तो दिवस देशभर पोलीस स्मृतिदिन झाला. काही वर्षी दिवाळी नेमकी त्याच दिवसांत येते. आपण आकाशकंदील लावत असतो, तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी पोलीस मैदानावर वर्षभरात कामी आलेल्यांची नावे वाचली जात असतात. कर्नाटकात २ एप्रिलच्या ध्वजदिनी मुख्यमंत्र्यांची पदके, महाराष्ट्रात १ मे रोजी महासंचालकांची सन्मानचिन्हे. सीमेच्या अल्याड आणि पल्याड तारखा निराळ्या, पण 'पदक' आणि 'सन्मान' हे शब्द दोन्ही भाषांत तेच!

मध्यंतरीच्या काळातली एक हकीकत थोडक्यात सांगतो. १६ मार्च १९८६ रोजी तिहार तुरुंगातून पळालेला चार्ल्स शोभराज मुंबई पोलिसांचे इन्स्पेक्टर मधुकर झेंडे यांनी ६ एप्रिलला गोव्यात पर्वरी येथील एका उपाहारगृहात पकडला. १९७१ सालीही त्याला त्यांनीच पकडले होते. चेहरा लक्षात ठेवणे आणि वाट पाहणे, एवढ्या भांडवलावर केलेले हे काम. पदकाच्या चौकटीत शौर्य सहज बसते. चिकाटी बसवताना जरा ओढाताण होते.

ह्या सगळ्या क्रमाला खरे वळण मिळाले ते २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री. मुंबईवरच्या त्या हल्ल्यात १६६ माणसे गेली. दहा हल्लेखोरांपैकी दोघे छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये संहार करून कामा रुग्णालयाकडे वळले. त्या गल्लीत पोलिसांच्या एकाच गाडीत हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर आणि चार शिपाई होते. त्यांतले एकटे अरुण जाधव वाचले.

कामटे हे नाव आमच्या भागाला अपरिचित नव्हते. मुंबईला बदली होण्यापूर्वी ते सोलापूरचे पोलीस आयुक्त होते, आणि सोलापूर म्हणजे आमचा बाजार, आमचा दवाखाना, आमच्या मुलांचे कॉलेज. त्यांचे आजोबा ना. म. कामटे हे मुंबई प्रांताचे पहिले भारतीय पोलीस महानिरीक्षक. म्हणजे ह्या एका घराण्यात पोलीस खात्याच्या स्वातंत्र्याआधीच्या आणि नंतरच्या दोन्ही काळांचा धागा आहे. २७ नोव्हेंबरच्या सकाळी आमच्या बसस्थानकावर मराठी वर्तमानपत्र हातोहात संपले. कानडी वर्तमानपत्र मराठी माणसे वाचून घेत होती, आणि शेजारचे कानडी बांधव त्यांना अर्थ सांगत होते.

जाधवांची हकीकत ह्या सन्मानांच्या गर्दीत मागे पडते, म्हणून सांगतो. जखमी अवस्थेत ते गाडीच्या मागच्या भागात सहकाऱ्यांच्या देहांखाली पडून राहिले. हल्लेखोरांनी अधिकाऱ्यांना रस्त्यावर टाकून तीच गाडी पळवली आणि पुढे ती सोडून दुसरी मोटार हिसकावली. तेव्हा जाधवांनी बिनतारी यंत्रावरून खबर दिली. गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर डी. बी. मार्ग ठाण्याची माणसे उभी होती. त्यांत होते सहायक फौजदार तुकाराम ओंबळे.

ओंबळे सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्याचे, केडंबे गावचे. आधी लष्करात नोकरी, मग १९९१ पासून मुंबई पोलिसात. हातात लाठी. मोटार दुभाजकाला धडकून थांबली, चकमकीत एक हल्लेखोर ठार झाला आणि दुसरा, अजमल कसाब, रायफल घेऊन बाहेर आला. ओंबळे यांनी त्या रायफलची नळीच दोन्ही हातांनी धरली. गोळ्या त्यांच्या अंगात शिरत होत्या आणि नळी सुटत नव्हती. तेवढ्या अवधीत मागच्या पोलिसांनी कसाबला लाठ्यांनी लोळवला. दहांपैकी जिवंत सापडलेला तो एकच. तो सापडला म्हणून कट कुठे शिजला ते न्यायालयात पुराव्यानिशी मांडता आले. २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा कायम केली आणि २१ नोव्हेंबरला येरवड्यात ती अमलात आली.

२६ जानेवारी २००९ रोजी अकरा जणांना अशोकचक्र जाहीर झाले. त्यांतले सात पोलीस दलातले होते आणि त्यांत करकरे, कामटे, साळसकर यांच्या बरोबरीने ओंबळे यांचे नाव होते. शांततेच्या काळातला शौर्याचा हा देशातला सर्वोच्च सन्मान. शिपायांच्या वर्गातून वर आलेला, लाठी घेऊन उभा असलेला माणूस अधिकाऱ्यांच्या शेजारी त्याच ओळीत बसला. कोतवालाला किताब आणि जवानाला विस्मरण, ही जुनी वाटणी त्या दिवशी मोडली असे मी मानतो.

पण हे चित्र एवढ्यावर पुरे होत नाही. अशोक कामटे यांच्या पत्नी विनीता कामटे यांनी पदक स्वीकारले आणि मग प्रश्न विचारायला सुरुवात केली. आपला नवरा त्या गल्लीत कसा पोहोचला? जखमी अधिकारी रस्त्यावर पडलेले असताना मदत यायला इतका वेळ का लागला? नियंत्रण कक्षाच्या नोंदी त्यांनी माहितीच्या अधिकाराखाली मिळवल्या आणि २००९ मध्येच 'टू द लास्ट बुलेट' हे पुस्तक विनीता देशमुख यांच्यासह लिहिले. करकरे यांच्या अंगावरचे चिलखती जाकीट गहाळ झाले होते. त्याबद्दल कविता करकरे यांनी विचारणा केली. माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान यांच्या समितीने दलातील उणिवांवर बोट ठेवले, गोळीबाराच्या सरावालासुद्धा पुरेशी काडतुसे मिळत नव्हती हेही त्यातून पुढे आले. काहींना तेव्हा वाटले की ह्या बायका मिळालेल्या मानाला गालबोट लावताहेत. मला नेमके उलटे वाटते. आपल्या माणसाने काय केले आणि त्याच्या बाबतीत काय केले गेले नाही, हे दोन्ही कोरून ठेवा, एवढेच त्या मागत होत्या. वीरगळाच्या खालच्या कप्प्यासाठी ही मागणी होती. आपण घाईने वरचा, अप्सरांचा कप्पा कोरून मोकळे झालो होतो.

आमच्याकडचे सत्कार मी पुष्कळ पाहिले आहेत. शाल, हार, फळांची परडी, म्हैसुरी पेटा आणि 'उल्लेखनीय कामगिरीबद्दल' असे छापलेले मानपत्र. कामगिरी कोणती ह्याचा उल्लेखच नाही! दत्तजयंतीला गाणगापुरात भीमा-अमरजा संगमावर लोटलेल्या गर्दीत कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून शिपायाने एखादे बुडते पोर ओढून काढले असेल, तर मानपत्रात तेवढे एक वाक्य लिहायला काय हरकत आहे? त्याची मुले माझ्या शाळेत येतात. बापाच्या बदलीमुळे वर्षाच्या मध्येच दाखला घेऊन जातात, नव्या गावी नव्या माध्यमात बसतात. बाप लक्ष्मीपूजनाच्या रात्री बंदोबस्तावर का असतो, हे त्या वाक्यावरून त्यांना कळेल.

२०२४ च्या प्रजासत्ताक दिनापासून पोलीस, अग्निशमन, गृहरक्षक दल आणि तुरुंग खात्याची सोळा निरनिराळी पदके एकत्र करून चारच ठेवण्यात आली आहेत, दोन शौर्यासाठी आणि दोन सेवेसाठी. ओंबळे यांचे स्मारक चौपाटीवर आहे. शिवाय २०२१ साली अभ्यासकांनी ठाणे जिल्ह्यात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला त्यांचे नाव दिले, 'आयसियस तुकारामी'. नाव का दिले ते त्यांनी आपल्या शोधनिबंधात लिहून ठेवले आहे.