एका क्वार्टरबॅकची किंमत : रांगेत पुढे जाण्याचा इतिहास

१/ अमेरिकी फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक हा आक्रमणाचा सूत्रधार. तो मिळवण्यासाठी संघाने आपली पुढची दोन-तीन वर्षे गहाण टाकावीत काय? हा वाद तिकडे दर एप्रिलमध्ये नव्याने पेटतो. प्रश्न क्रीडेचा असला तरी त्याच्या उत्तराची साधने इतिहासात आहेत. म्हणून हा धागा.

२/ आरंभ १९३५ चा. धनिक संघ सारे उत्तम खेळाडू पळवतात, हे पाहून फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी तोडगा सुचवला : जो संघ शेवटी, त्याची निवड प्रथम. १९३६ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला. आपल्या आयपीएलसारखी येथे पैशांची बोली नसते, रांग असते. मात्र रांगेतील जागेची अदलाबदल करता येते आणि पुढचे सारे नाट्य या एका सवलतीतून घडते.

३/ गंमत अशी की त्या पहिल्याच ड्राफ्टमधील पहिला खेळाडू, जे बरवँगर, या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. पहिला क्रमांक म्हणजे यशाची हमी नव्हे, ही नोंद पहिल्याच पानावर झालेली आहे.

४/ १९९० च्या दशकारंभी डॅलस काउबॉइजने जागांचे दरपत्रक बनवले. पहिली जागा ३००० गुण, दुसरी २६००, दहावी १३००. पुढे इतर संघांनीही ते प्रमाण मानले. परंतु त्याचा आधार होता पूर्वीचे सौदे. संघ काय मोजत आले हे ते सांगत होते. खेळाडूंनी मैदानावर काय परत दिले, हे नव्हे.

५/ मग २०११ चा वेतन करार आला. २०१० मध्ये सेंट लुईस रॅम्सने पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डशी सहा वर्षांसाठी ७.८ कोटी डॉलरचा करार केला होता. पुढच्याच वर्षी पहिल्या क्रमांकाच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे सुमारे २.२ कोटी मिळाले. नवा क्वार्टरबॅक एकाएकी स्वस्त झाला. साहजिकच त्याच्यासाठी जागा मोजण्याची तयारी वाढली.

६/ २०१२. रॅम्सकडे ब्रॅडफर्ड होताच. त्यांनी आपला दुसरा क्रमांक विकायला काढला. वॉशिंग्टनने त्यासाठी पहिल्या फेरीच्या तीन आणि दुसऱ्या फेरीची एक निवड दिली आणि रॉबर्ट ग्रिफिनला घेतले. पहिल्याच हंगामात ग्रिफिनने संघाला गटविजेतेपद मिळवून दिले. जानेवारी २०१३ मध्ये बाद फेरीच्या सामन्यात त्याचा गुडघा मोडला. त्यानंतर तो पूर्वीचा ग्रिफिन राहिला नाही.

७/ डिसेंबर २०१४ मध्ये रॅम्स वॉशिंग्टनला गेले. प्रशिक्षक जेफ फिशर यांनी नाणेफेकीला सहा कर्णधार पाठवले. सहाही जण त्या सौद्यातून मिळालेले. रॅम्स २४–० ने जिंकले. बहुतेक कथनांत गोष्ट येथे संपते : वॉशिंग्टन फसले, रॅम्स तरले.

८/ पण साधने थोडी पुढे वाचावीत. २०१२ ते २०१६ या पाच हंगामांत रॅम्सने एकदाही पराभवांपेक्षा अधिक विजय मिळवले नाहीत. एवढे धन हाती येऊनही क्वार्टरबॅकवाचून घर उभे राहिले नाही. २०१६ मध्ये त्याच रॅम्सने पहिल्या दोन, दुसऱ्या दोन आणि तिसऱ्या फेरीच्या दोन निवडी मोजून टेनेसीकडून पहिला क्रमांक व किरकोळ दोन निवडी घेतल्या, त्या जॅरेड गॉफसाठी. कालचा विक्रेता आज ग्राहक झाला!

९/ २०१७ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्स २७ व्या जागेवरून दहाव्यावर गेले. मोल : पहिल्या फेरीच्या दोन निवडी, तिसऱ्याची एक. खेळाडू : पॅट्रिक महोम्स. २०२४ पर्यंत त्याच्या खात्यावर तीन सुपर बोल जमा झाले. मात्र एक गोष्ट विसरू नये. चीफ्सने आदल्या हंगामात बारा सामने जिंकले होते आणि महोम्स पहिले वर्ष जवळजवळ संपूर्ण बाकावर शिकत बसला. वॉशिंग्टनचे आदल्या वर्षीचे विजय होते पाच.

१०/ अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर आणि कॅड मॅसी यांच्या अभ्यासाने एक मर्मभेदी आकडा दिला. आधी निवडलेला खेळाडू त्याच स्थानासाठी नंतर निवडलेल्या पुढच्या खेळाडूपेक्षा सरस ठरण्याची शक्यता सुमारे ५२ टक्के, म्हणजे नाणेफेकीहून किंचित अधिक. वॉशिंग्टननेच २०१२ च्या चौथ्या फेरीत कर्क कझिन्सला घेतले होते. २०१५ ते २०१७ हे तीन हंगाम संघाची धुरा त्यानेच वाहिली.

११/ तरीही संघ किंमत मोजतात, कारण येथे सरासरीला फारसे मोल नाही. एक महोम्स दहा वर्षांचे भाग्य पालटतो. मग खरा प्रश्न उरतो तो हा : डाव फसला तर घर टिकेल काय? २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने पहिल्या फेरीच्या तीन आणि तिसऱ्या फेरीची एक निवड ट्रे लान्ससाठी दिली. तो त्यांच्याकडून चारच सामन्यांत सुरुवातीला उतरला. पण बाकीचा संघ भक्कम होता. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटी, २६२ व्या क्रमांकावर घेतलेल्या ब्रॉक पर्डीसह तो सुपर बोलपर्यंत पोहोचला.

१२/ माझा निष्कर्ष असा. ज्याचे घर उभे आहे, त्याने कळसासाठी कर्ज काढावे. ज्याचा पाया अजून भरायचा आहे, त्याने विटा विकून कळस आणू नये. आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी एक सावधगिरी : ग्रिफिनचा गुडघा मोडणार हे २०१२ मध्ये कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून निर्णयाची पारख त्या दिवशी हाती असलेल्या माहितीवर व्हावी, नंतर लागलेल्या निकालावर नव्हे.

आपले मत वेगळे असल्यास जरूर मांडा. पुरावा मात्र सोबत हवा.