धोकटीतून पिशवीत

'धोकटी' हा शब्द आजच्या तरुण पिढीच्या कानांवर क्वचितच पडत असेल. न्हाव्याने आपली हत्यारे ज्या चामडी पिशवीत बाळगावयाची ती धोकटी. वस्तरा, कातर, नराणी, लहानसा आरसा, पाण्याची वाटी आणि वस्तरा परजण्याचे चामडे एवढा सारा संसार तिच्यात मावत असे. ती काखेत मारून न्हावी घरोघर हिंडे आणि ज्याची श्मश्रू व्हावयाची तो आपल्या ओसरीवर स्वस्थ बसून राही. आज बहुतांशी याच्या उलट झाले आहे. हत्यार आता गिऱ्हाइकाच्याच पिशवीत असते आणि हिंडतो तोही गिऱ्हाईकच. प्रवासाला निघताना कोणता आटोपशीर सेफ्टी रेझर बरोबर घ्यावा, हा प्रश्न दिसावयास किरकोळ आहे. परंतु धोकटीतला वस्तरा प्रवाशाच्या पिशवीत कसा आला हे पाहू गेल्यास त्यात दोन अडीच शतकांचा इतिहास आढळतो, आणि तो नुसता पोलादाचा इतिहास नव्हे.

हा प्रश्न रायपूरच्या पंडरी भागात उभे राहून विचारला तर त्याचा अर्थ चांगला उमगतो. पंडरी ही कापडाची मोठी बाजारपेठ. शहराचे बसस्थानकही अनेक वर्षे येथेच होते. 2021 मध्ये ते भाटागावला गेले. बस्तरमधल्या जगदलपुराहून सुमारे 300 किलोमीटरची वाट रात्रीतून काटून सकाळी या बाजारात येणारा किरकोळ कापडविक्रेता आपण डोळ्यांसमोर आणावा. घाऊक व्यापाऱ्यापुढे उधारीची बोली करावयाची तर दाढीचे खुंट वाढलेल्या चेहऱ्याने जाणे बरे दिसत नाही. त्याचा गावचा न्हावी गावी राहिला, घरचा आरसा घरी राहिला. हाताशी आहे एक नळ, थोडेसे पाणी आणि पिशवीतली चार बोटे लांबीची वस्तू. एकट्या प्रवाशाची ही अवस्था आपल्या इतिहासात तुलनेने नवी आहे.

मराठी माणसाला छत्तीसगडची वाट काही नवी नाही. 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा रतनपुरावर आल्या आणि 1758 पासून बिंबाजी भोसले तेथे राहून कारभार पाहू लागले. पण त्या काळचा प्रवास हा तांड्याचा प्रवास होता. लष्कर निघाले की त्याच्यामागे बाजार निघे, आणि त्या बाजारात वाणी, लोहार, न्हावी असे सारे कसबी असत. गाव सोडले तरी गावगाडा संगे चाले. रेल्वेने हे बदलले. नागपूर ते राजनांदगाव हा लोहमार्ग 1882 पर्यंत झाला, 1887 मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, आणि 1891 मध्ये नागपुराहून रायपूर-बिलासपूरमार्गे आसनसोलपर्यंत रूळ जोडले गेले. कारकून, शिक्षक, वकील, व्यापारी आता एक वळकटी आणि एक ट्रंक घेऊन एकटेच निघू लागले. त्यांच्या डब्यात गावगाडा नव्हता.

गावगाड्यात न्हाव्याचे स्थान काय होते, हे येथे पाहिले पाहिजे. महाराष्ट्रात तो बलुतेदार होता. रोख पैसा न घेता वर्षाच्या सुगीला धान्य घ्यावे आणि वर्षभर साऱ्या गावाची सेवा करावी, अशी ती रीत. छत्तीसगडात याच धर्तीच्या व्यवस्थेला पौनी-पसारी म्हणतात. न्हाव्याकडे श्मश्रूखेरीज जावळापासून लग्नापर्यंतच्या अनेक कार्यांतले मान होते. पण या व्यवस्थेत श्मश्रू ही माणसाच्या इच्छेची गोष्ट नव्हती. अमुक वारी ती करू नये, अमावास्येला करू नये, सुतकात करू नये असे नियम होते. आणि ती कोणाची करावी व कोणाची करू नये, याचा नियम तर सर्वांत कठोर होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आत्मकथनपर लेखनात साताऱ्यातील बालपणाची एक हकीकत नमूद केली आहे. साताऱ्यात न्हावी नव्हते असे नाही, त्यांना पैसे देण्याची घरची ऐपत नव्हती असेही नाही. परंतु अस्पृश्यांच्या डोक्याला हात लावावयास एकही न्हावी तयार नव्हता. घरातल्या मुलांचे केस त्यांची मोठी बहीणच कापीत असे. भावंडांच्याच डोक्यांवर ती ते कसब शिकली. छत्तीसगडात सतनामी समाजालाही गावच्या न्हाव्याची सेवा अशीच नाकारली जाई. मग हे काम समाजाला आपल्याच माणसांकडून करवून घ्यावे लागे.

याच व्यथेची दुसरी बाजू गांधीजींच्या आत्मकथेत आहे. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया येथे एका गोऱ्या न्हाव्याने त्यांचे केस कापण्याचे नाकारले. तेव्हा त्यांनी केस कापण्याचे यंत्र विकत घेतले आणि आरशासमोर उभे राहून स्वतःचे केस स्वतः कापले. पुढची बाजू कशीबशी साधली, मागची बिघडली, आणि कोर्टातले स्नेही हसले. गांधीजींनी त्या न्हाव्याला दोष दिला नाही. आपल्या देशात आपण आपल्याच बांधवांना न्हाव्याची सेवा मिळू देत नाही, त्याचेच हे फळ, असा अर्थ त्यांनी काढला. याच प्रसंगात ते ओझरते सांगून जातात की, विलायतेस जाणारा प्रत्येक जण निदान स्वतःची दाढी करावयास तरी शिकतोच. पुढे नोव्हेंबर 1933 मध्ये हरिजन दौऱ्याच्या निमित्ताने ते रायपुरास आले. या प्रांतात पंडित सुंदरलाल शर्मा यांनी त्याच्या कितीतरी आधीपासून अस्पृश्यतानिवारणाचे काम चालविले होते. अस्पृश्यतेचे पालन हा कायद्याने शिक्षेस पात्र गुन्हा ठरविणारा अधिनियम 1955 मध्ये झाला.

न्हाव्याचा नकार नेहमीच अन्यायाचा होता असे मात्र नव्हे. 1890 मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी सभा भरविली आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही, असे ठरविले. ज्या हाताने रूढी चालत होती तोच हात थांबला. या दोन्ही प्रकारच्या नकारांवरून एकच गोष्ट दिसते. वस्तरा दुसऱ्याच्या हातात होता तोवर श्मश्रू हा समाजाचा व्यवहार होता. तो आपल्या हाती आला तेव्हा ती एकेका माणसाची खासगी बाब झाली.

परंतु वस्तरा आपल्या हाती येणे सोपे नव्हते. उघड्या वस्तऱ्याची धार संपूर्ण मोकळी असते. ती कातडीशी कोणत्या कोनात धरावी हे सर्वस्वी मनगटावर अवलंबून, आणि ते मनगट वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार होते. 1770 च्या सुमारास पॅरिसमधील सुऱ्या-कात्र्यांचा कारागीर झाँ-झाक पेरे याने स्वतःची दाढी स्वतः करण्याच्या विद्येवर एक पुस्तकच लिहिले. सुताराच्या रंध्यात पाते थोडेसेच बाहेर डोकावते, हे पाहून वस्तऱ्यालाही लाकडी आडोसा द्यावा, ही कल्पना त्याला सुचली. पुढे 1880 मध्ये न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी आडव्या दांड्याच्या टोकाला आखूड पाते बसविलेल्या रेझरचे पेटंट घेतले. हात आता सुरक्षित झाला, पण पाते जाडच राहिले. त्याला पुन्हा पुन्हा परजावे लागे. प्रवाशाच्या सामानातले चामडे काही सुटले नाही.

ते सोडविले किंग कँप जिलेट या अमेरिकन माणसाने. आणि तो धंद्याने फिरता विक्रेता होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. तो बाटल्यांची बुचे करणाऱ्या कंपनीचा माल गावोगाव खपवीत असे. एकदा वापरून फेकून द्यावे लागेल असे काहीतरी शोधून काढ, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा येईल, असा सल्ला त्याला त्या बुचाचा संशोधक विल्यम पेंटर याने दिला होता. 1895 मध्ये एके सकाळी बोथट झालेल्या रेझरने दाढी करताना जिलेटला कल्पना सुचली की, पाते परजावे कशासाठी? ते कागदासारखे पातळ करावे, दोन्ही बाजूंनी धार द्यावी आणि बोथट झाले की टाकून द्यावे. एवढे पातळ पोलाद पाणी देऊन कठीण करता येणार नाही, असे जाणकारांनी सांगितले. विल्यम निकरसन या अभियंत्याने ते करून दाखविले. 1903 मध्ये विक्री सुरू झाली आणि त्या वर्षी अवघे 51 रेझर आणि 168 पाती खपली. 1904 मध्ये पेटंट मिळाले.

या रचनेतली खुबी समजून घेतली तर प्रवासासाठी रेझर निवडणे सोपे जाते. पाते सुमारे 43 मिलिमीटर लांब, 22 मिलिमीटर रुंद आणि मिलिमीटरच्या जेमतेम दशांशाइतके जाड. सपाट धरले तर ते लवते. पण वरची टोपी आणि खालची जाळी यांच्या चिमट्यात ते कमानीसारखे वाकविले की त्याला ताठपणा येतो. जाळीची कड कातडी सपाट करते, टोपी कोन ठरविते आणि धार किंचितच बाहेर राहते. मनगटाचे निम्मे कसब अशा रीतीने यंत्रात उतरले. टोपी, जाळी आणि मूठ हे तिन्ही भाग सुटे होत असल्यामुळे मूठभर डबीत सारा सरंजाम मावू लागला. मूठही दोन तुकड्यांत उलगडणारे प्रवासी संच निघाले. पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरल्यावर तेथील सरकारने सैन्यासाठी सुमारे 35 लक्ष रेझर घेतले. न्हाव्याकडे जाणारे लाखो तरुण खंदकांत स्वतःची दाढी करावयास शिकले आणि ती सवय घेऊन घरी परतले. एका फिरत्या विक्रेत्याची कल्पना फिरत्या सैन्याने जगभर नेली.

आपल्याकडे हे पाते प्रथम परदेशाहून आले. पुढे टोपाझसारखी देशी पातीही पानाच्या टपरीपर्यंत पोहोचली. पण आपल्याकडची मौजेची गोष्ट पुढेच आहे. ज्या पात्याने न्हाव्याचे गिऱ्हाईक नेले तेच पाते मधोमध दुभंगून न्हाव्याने आपल्या वस्तऱ्यात बसविले. 1986 मध्ये भारतात एड्सच्या विषाणूचा पहिला शोध लागला आणि त्यानंतर दर गिऱ्हाइकाला नवे पाते हा आग्रह वाढत गेला. धोकटीतले चामडे गेले, पण धोकटीचा धनी तगला. पंडरीसारख्या बाजारात आजही रेझर आणि केशकर्तनालय शेजारी शेजारी नांदतात.

मग प्रवाशाने काय घ्यावे? नुसता लहानपणा पाहून भागत नाही. पहिली कसोटी पात्याची. ज्याचे पाते आडगावच्या टपरीवरही मिळते, तो रेझर खरा प्रवासी. दुधारी पात्याचे माप सर्वत्र एकच असल्यामुळे कोणत्याही कंपनीचे पाते कोणत्याही कंपनीच्या रेझरात बसते. आणि 1962 च्या सुमारास न गंजणाऱ्या पोलादाची पाती आल्यापासून पावसाळी प्रवासातली धास्तीही उरलेली नाही. दुसरी कसोटी पाण्याची. 2010 मध्ये जिलेट कंपनीने खास भारतासाठी एकाच पात्याचा 15 रुपयांचा रेझर काढला. वाहत्या नळाऐवजी वाटीभर पाण्यात दाढी करणाऱ्या घरांकडे पाहून, थोड्या पाण्यातही केस अडकून न राहता धुतले जावेत अशी त्याची बांधणी केली होती. वाटीभर पाण्यात जो स्वच्छ होतो तोच बसस्थानकावर उपयोगी पडतो. तिसरी कसोटी वजनाची. मूठ आखूड असावी, पण डोके धातूचे व भारदस्त असावे, म्हणजे हाताने दाब द्यावा लागत नाही. आणि दाब दिला की कापते. चौथी गोष्ट वाहनाची. विमानाच्या हातसामानात सुटे पाते चालत नाही, ते वेगळ्या जमा केलेल्या सामानात ठेवावे लागते. ज्याला हे जमत नाही त्याने प्लॅस्टिकचा बंदिस्त रेझर घ्यावा. मात्र एकदोनदा वापरून फेकलेले ते प्लॅस्टिक आपल्यामागे शतकानुशतके उरणार आहे, हे ध्यानात असू द्यावे. आणि जुने पाते कधीही उघडे टाकू नये. ते कागदात गुंडाळावे, कारण आपला कचरा कोणाच्या तरी हातांनीच उचलला जातो.

साताऱ्याच्या त्या बहिणीला जे भावंडांसाठी शिकावे लागले, प्रिटोरियात गांधीजींना आरशासमोर जे साधत नव्हते, ते काम या लहानशा यंत्राने सर्वांच्या हाती दिले. त्याने जातिभेद मोडला असे कोणी म्हणणार नाही. ते काम माणसांनी केले आणि अद्याप ते पुरे झालेले नाही. परंतु सकाळी स्वच्छ चेहऱ्याने बाजारात जाण्यासाठी कोणाच्या होकाराची वाट पाहावी लागू नये, एवढी मोकळीक त्याने खचित दिली. म्हणून आटोपशीर रेझर निवडताना तो खिशात मावतो की नाही हे तर पाहावेच. पण आपण कोठेही उतरलो तरी तो आपल्याला स्वावलंबी ठेवील की नाही, हे अधिक पाहावे.