परवाना दिला, पाहणी कोण करणार?

न्यूझीलंडमध्ये १९८९ साली नदीखोऱ्यांच्या हद्दी धरून प्रादेशिक परिषदा आखल्या गेल्या. १९९१ च्या कायद्याने जमीन, पाणी, सांडपाण्यावरची देखरेख त्यांच्याकडे आली. तरी ऑगस्ट २०१६ मध्ये हॅवलॉक नॉर्थला अतिवृष्टीनंतर मेंढ्यांची घाण बोअरच्या पाण्यात उतरली. सुमारे ५,५०० माणसे आजारी पडली. सरकारी चौकशीने परिषदेच्या ढिल्या देखरेखीवरही ठपका ठेवला.

आम्हाला नवल वाटत नाही. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला होता, अंमल शून्य! मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांसह आपली माणसे पाणी प्याली, तर ऑगस्टमध्ये पालिकेने ठरावच फिरवला. मित्रांनो, वस्तीतल्या पाण्याचा तपासणी अहवाल लेखी मागा. तळ्याचा उच्च न्यायालयातला निकाल लागायला १९३७ उजाडले.