अश्वपरिभाषा आणि प्रौढ शिकाऊ : कागदपत्रांच्या वाचनासंबंधी एक टिपण

१

मराठ्यांच्या इतिहासाची साधने वाचणाऱ्यास घोडा पदोपदी भेटतो. बखरी, सनदा, हिशेब, यादी, खासगी पत्रे यांपैकी क्वचितच एखादा प्रकार असा असेल की ज्यात पागा, चंदी, नालबंदी, खोगीर किंवा तोबरा यांचा उल्लेख नाही. हे शब्द कोशांत आहेत, आणि मोल्सवर्थच्या १८५७ च्या आवृत्तीत त्यांपैकी बहुतेकांचे अर्थ नेटकेपणाने दिलेले आहेत. यामुळे अभ्यासकाचा असा समज होतो की, कोश हाती असला म्हणजे काम भागले. हा समज किती अपुरा आहे हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

प्रस्तुत लेखकाचा हा भ्रम स्वतःच्याच चुकीने दूर झाला. काही वर्षांपूर्वी एका मोडी हिशेबातील ‘आगाडी पिछाडी’ या नोंदीचा अर्थ ‘सैन्याची आघाडी व पिछाडी’ असा लावून त्यावर दोन पानांचे विवेचन केले होते. वस्तुतः ती नोंद दोरांची होती. घोड्याच्या पुढच्या अंगास बांधावयाचा दोर तो आगाडी आणि मागच्या पायांस बांधावयाचा तो पिछाडी. नोंदीच्या शेजारीच मेखा आणि तोबरे होते. तरी डोळे उघडले नाहीत, कारण ते दोर आपल्या हातांनी कधी बांधलेले नव्हते. ही चूक एका वृद्ध मोतद्दाराने हसत दाखवून दिली, आणि त्यानंतर वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी प्रस्तुत लेखक घोड्यावर बसावयास शिकू लागला.

२

प्रौढ वयात शिकणाऱ्याचा एक तोटा आणि एक लाभ असतो. तोटा असा की शरीर आखडलेले असते आणि पडण्याची भीती मोठी असते. मूल पडते, रडते आणि पुन्हा चढते. प्रौढ मनुष्य पडण्यापूर्वीच दहा वेळा मनाने पडून घेतो. लाभ असा की प्रत्येक क्रिया जाणीवपूर्वक करावी लागत असल्यामुळे तिचे नाव, तिचा क्रम आणि तिचे कारण ही तिन्ही लक्षात राहतात.

पहिले तीन आठवडे रिकिबीत पाय ठेवावयास मिळाला नाही. खरारा करणे, खूर उचलून त्यांतील माती काढणे, पाणी दाखविणे, दाणा भिजविणे, लीद उचलणे एवढेच काम होते. हा क्रम अपमानाचा वाटला. परंतु तो फार जुना आहे. ग्रीक लेखक झेनोफन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अश्वविद्येवर जो ग्रंथ लिहिला, त्यात घोड्याची परीक्षा खुरांपासून सुरू होते. पाया कच्चा असेल तर घराचा उपयोग नाही, त्याप्रमाणे पाय अधू असेल तर घोड्याचा उपयोग नाही, अशी त्याची विचारसरणी आहे. त्यानंतर तबेला, निगा, लगाम चढविण्याची रीत हे विषय येतात आणि मग आरोहण. ग्रीकांस रिकीब ठाऊक नव्हती. त्यामुळे आयाळ धरून किंवा भाल्याचा आधार घेऊन उडी कशी मारावी हे त्यास सविस्तर सांगावे लागले. घोड्याशी रागाच्या भरात कधीही वागू नये, हा त्याचा उपदेश आजही पागेत पहिल्या दिवशी ऐकावयास मिळतो.

३

हातांनी काम केल्यावर कागदांतील आकडे बोलू लागतात. सभासदाच्या बखरीत शिवकालीन घोडदळाची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, अशी ती चढती परंपरा. त्याच ठिकाणी पंचवीस घोड्यांमागे एक पखाली आणि एक नालबंद अशी तरतूद सांगितली आहे. अधिकारपदांच्या क्रमावर आपण पुष्कळ लिहिले; पखालीकडे मात्र कोणी फारसे वळून पाहिले नाही.

एक घोडा दिवसास साधारण २५ ते ४० लिटर पाणी पितो. पंचवीस घोड्यांस म्हणजे कमीत कमी सहाशे लिटर झाले. नदीकाठी मुक्काम असेल तेव्हा घोडी पाण्यावर नेता येतात. घाटमाथ्यावर किंवा उन्हाळ्यात दुष्काळी मुलखात पखाल हाच आधार. नालबंदाचा हिशेबही असाच आहे. खूर दर सहा ते आठ आठवड्यांनी साळावे लागतात. पंचवीस घोड्यांचे शंभर खूर म्हणजे रोजचे सरासरी दोन. एवढ्याशा कामासाठी स्वतंत्र माणूस का, असा प्रश्न पडेल. परंतु सह्याद्रीच्या खडकाळ वाटेवर नाल सरासरी पाहून निघत नाही. तो निघाला की त्याच दिवशी बसवावा लागतो; नाही तर घोडा लंगडतो आणि स्वार पायी होतो. ही तरतूद ज्याने ठरविली त्यास पागेचा प्रत्यक्ष अनुभव होता, हे या प्रमाणावरूनच दिसते.

चिपळूण भागातील छावणीच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांस शिवाजीमहाराजांनी १६७३-७४ च्या सुमारास लिहिलेले पत्र सुप्रसिद्ध आहे. रयतेस उपद्रव देऊ नये ही त्यातील आज्ञा सर्वांच्या स्मरणात असते. तथापि ती आज्ञा वैरणीच्या हिशेबातून निघाली आहे, याकडे लक्ष दिले पाहिजे. दाणा व गवत आताच उधळले तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, आणि मग स्वार कुणब्याच्या घरात शिरतील, अशी ती विचारमालिका आहे. गंजीस आग लागू नये म्हणून चुलीची, चिलमीची आणि उंदराने पळविलेल्या पेटत्या वातीचीही धास्ती त्यात व्यक्त झाली आहे. ज्याने एकदा तरी भिजलेल्या दिवसांत कोरड्या गवताची पेंढी शोधली आहे, त्यास ही धास्ती अतिशयोक्त वाटणार नाही.

४

आता भाषेकडे वळू. अश्वविद्येचे शब्द शिकविणाऱ्याबरोबर प्रवास करतात. याचा सर्वांत जुना पुरावा बोगाझकोई येथे सापडलेल्या हित्ती इष्टिकालेखांत आहे. इसवी सनापूर्वी सुमारे चौदाव्या शतकातील या लेखांत मितन्नी देशाचा किक्कुली नावाचा अश्वशिक्षक रथाच्या घोड्यांची तालीम सांगतो. मजकूर हित्ती भाषेत आहे. पण फेऱ्यांची नावे ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न अशी, म्हणजे आपल्या एक, त्रि, पंच या संख्यांशी नाते सांगणारी आहेत. संस्कृतातील ‘खलीन’ हा शब्द ग्रीक ‘खलिनॉस’वरून आला असे मानले जाते. देणारे आणि घेणारे बदलतात, रीत तीच राहते.

मराठीत या परिभाषेचे दोन थर स्पष्ट दिसतात. लगाम, जीन, खोगीर, तंग, दुमची, तोबरा हे शब्द फारसीतून आले; रिकीब व नाल यांचे मूळ अरबी. कारागिराने बनविलेली किंवा बाजारात विकत मिळणारी वस्तू आली की तिचे नावही तिच्याबरोबर आले. उलट खूर, टाप, वैरण, दावण हे शब्द घरचे. चालींच्या नावांतही हाच भेद आहे. दुडकी आणि चौखूर या घोड्याच्या स्वाभाविक गती. त्यांची नावे देशी. कदम आणि रवाल या शिकवून बसविलेल्या चाली. त्यांची नावे परकी. आणि स्वाराच्या कौशल्याचे जे सार, त्यास मराठीने ‘मांड’ हा मांडीशी जोडलेला स्वतःचा शब्द ठेवला. कोशात त्याचा अर्थ घोड्यावरील बैठक असा मिळतो. सहा महिन्यांनंतर एके दिवशी दुडकीत शरीर आदळेनासे झाले, तेव्हा तो अर्थ प्रथम कळला.

‘बारगीर’ या शब्दाचा प्रवास विशेष बोधप्रद आहे. फारसीत ओझे वाहणारे जनावर असा त्याचा अर्थ. मराठीत तो सरकारी घोड्यावर बसणाऱ्या स्वारास लागला. आणि अठराव्या शतकातील स्वाऱ्यांनंतर बंगालीत ‘बर्गी’ होऊन मराठा लुटारू या अर्थाने रूढ झाला. स्वतःचा घोडा बाळगणारा शिलेदार आणि सरकारचा घोडा घेणारा बारगीर यांतील अंतर पगाराचे होते, तसेच जोखमीचेही होते. घोडा मेला तर शिलेदाराची पुंजी गेली. नालबंदी म्हणून त्यास आगाऊ रक्कम का द्यावी लागे, हे यावरून समजते.

शिवाजीमहाराजांच्या आज्ञेने रचलेल्या राजव्यवहारकोशात चतुरंगवर्ग आहे आणि त्यात सैन्यविषयक यावनी शब्दांस संस्कृत पर्याय दिले आहेत. तरीही लगाम आणि नाल आज मराठीत टिकून आहेत. लेखणीने चालणारा शब्द आज्ञेने बदलता येतो. परंतु घोडा बुजला असता तोंडून जो शब्द निघतो तो सवयीचा असतो, आणि ती सवय मोतद्दाराच्या हाताखाली लागलेली असते.

५

ही परंपरा आता क्षीण झाली आहे. प्रस्तुत लेखकास शिकविणारा तरुण शिक्षक ‘ट्रॉट’ आणि ‘कँटर’ म्हणतो. खरारा व तंग हे शब्द मात्र त्याच्या तोंडी आहेत. उपरोक्त वृद्ध मोतद्दारास दुडकी, रवाल, आगाडी, पिछाडी हे सारे शब्द येत होते. त्याच्याकडून सुमारे दोनशे शब्द टिपून घेता आले. पुढील पावसाळ्यापूर्वी तो वारला. त्यांपैकी काही शब्दांचे अर्थ त्याने हाताने करून दाखविले होते, आणि ते लेखणीने नीट उतरले आहेत असे म्हणवत नाही.

तात्पर्य, घोडदळाच्या इतिहासाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने मोडीबरोबर काही महिने पागेतही घालवावेत. तो उत्तम स्वार होईलच असे नाही. प्रस्तुत लेखक झालेला नाही. परंतु दोरांच्या यादीत त्यास सैन्य दिसणार नाही, एवढा लाभ निश्चित आहे.