डेटाबेसचे परवाने : लॉगिन एक, वापरकर्ते हजार

संकेतस्थळावरून हजारो लोक व्यवहार करीत असले, तरी डेटाबेसशी थेट संपर्क साधतो तो वेब सर्व्हर; तोही बहुधा एकाच लॉगिनने. त्यामुळे एका वापरकर्त्याचा परवाना पुरेसा आहे, असा समज सहज होतो. मात्र हा समज संस्थेला महागात पडू शकतो.

मोजणी कशी होते?
ओरॅकलच्या 'नेम्ड युजर प्लस' पद्धतीत परवाना लॉगिनला नव्हे, तर वापराचा अधिकार दिलेल्या प्रत्येक व्यक्तीला लागतो. ती व्यक्ती त्या क्षणी काम करीत आहे की नाही, हे पाहिले जात नाही. माणसाविना चालणारी उपकरणेही मोजली जातात. मध्ये वेब सर्व्हर असल्यास त्याच्या पलीकडील वापरकर्ते मोजावे लागतात. या मधल्या थराच्या वापराला 'मल्टिप्लेक्सिंग' म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या 'एसक्यूएल सर्व्हर'मध्येही सर्व्हरच्या परवान्यासोबत प्रत्येक वापरकर्त्यासाठी किंवा उपकरणासाठी 'कॅल' घ्यावा लागतो. मधल्या सॉफ्टवेअरमुळे कॅलची संख्या कमी होत नाही.

किमान संख्येची अट
ओरॅकलच्या एंटरप्राइज आवृत्तीत प्रत्येक प्रोसेसरमागे किमान २५ वापरकर्त्यांचे परवाने घ्यावे लागतात. येथे प्रोसेसर ही हिशेबाची संज्ञा आहे. इंटेलचे दोन कोअर म्हणजे एक प्रोसेसर धरला जातो. म्हणजे आठ कोअरच्या सर्व्हरवर दहाच कर्मचारी काम करीत असले, तरी १०० परवाने लागतात. दरपत्रकानुसार एका प्रोसेसरचा परवाना ५० वापरकर्त्यांच्या परवान्यांइतका महाग आहे. त्यामुळे या सर्व्हरवर वापरकर्ते २०० पेक्षा अधिक झाल्यास प्रोसेसरनिहाय परवाना स्वस्त पडतो. सर्वांसाठी खुल्या संकेतस्थळाचे वापरकर्ते मोजताच येत नसल्याने तेथे प्रोसेसरनिहाय किंवा कोअरनिहाय परवानाच योग्य ठरतो.

न्यायालयाचा कौल
असाच वाद 'सॅप' या कंपनीच्या व्यवसाय-प्रणालीबाबत इंग्लंडच्या उच्च न्यायालयात गेला होता. मद्यनिर्मिती करणाऱ्या 'डिआजिओ'चे विक्री प्रतिनिधी आणि ग्राहक 'सेल्सफोर्स'वर उभारलेल्या दोन प्रणालींमार्फत सॅपमधील माहितीपर्यंत पोहोचत होते. हा अप्रत्यक्ष वापरही परवान्याच्या कक्षेत येतो, असा निर्णय न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये दिला. सॅपची मागणी सुमारे ५ कोटी ४५ लाख पौंडांची होती. रक्कम मात्र या निकालात ठरविण्यात आली नाही.

काय काळजी घ्यावी?
करारातील 'वापरकर्ता' या शब्दाची व्याख्या प्रथम वाचावी. अंतर्गत प्रणाली ग्राहकांसाठी किंवा विद्यार्थ्यांसाठी वेबवर खुली करण्यापूर्वी परवान्यांचा हिशेब नव्याने मांडावा. ओरॅकलच्या प्रमाणित करारानुसार ४५ दिवसांची लेखी सूचना देऊन कंपनी वापराची तपासणी करू शकते. 'पोस्टग्रेएसक्यूएल'सारख्या मुक्त डेटाबेसमध्ये वापरकर्त्यांच्या संख्येवर शुल्क नसते. तेथे खर्च असतो तो देखभालीचा आणि जाणकार मनुष्यबळाचा. डेटाबेसची निवड करतानाच हा फरक लक्षात घेणे हिताचे ठरते.